रजेवर गेलेला रंग

माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या खाली, वहीच्या पानाएवढा एक ट्रेसिंग पेपर आहे. त्यावर पेन्सिलीने काढलेली एक वेडीवाकडी बंद रेषा आहे आणि त्या रेषेच्या आत तपकिरी रंगाचे तीन ठिपके. पाहणाऱ्याला तो एखाद्या तळ्याचा नकाशा वाटावा. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या डाव्या कानशिलाचा नकाशा आहे.

विश्वनाथ साळवे हे त्या माणसाचे नाव. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवीत. मी विज्ञान शिकवतो. एकोणीस वर्षे आम्ही एकाच शिक्षकखोलीत बसलो, आणि त्यांतली पहिली सोळा वर्षे मी त्यांना ओळखतच नव्हतो, हे मला फार उशिरा कळले.

आमची शाळा भोकरदन तालुक्यात, राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. चतुर्थीला तो रस्ता माणसांनी भरतो आणि आमचे वर्ग रिकामे होतात. आम्ही बाकीचे शिक्षक त्या दिवशी वर्तमानपत्र वाचत बसायचो. साळवे सर मात्र उरलेली मुले गोळा करून व्हरांड्यात बसवायचे आणि दर्शनाला निघालेली माणसे त्यांच्याकडून काढून घ्यायचे. "देव राजूरलाच हाये, कुठं जात न्हाई," ते म्हणायचे. "तुम्ही पाय बघा. चालताना गुडघा आधी वाकतो का टाच आधी उचलते?" एखादा मुलगा उलट विचारायचा, "सर, तुम्हीच सांगा की." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "मला माहीत न्हाई. बघून सांग मला."

'मला माहीत न्हाई' हे शब्द ते इतक्या सहज उच्चारायचे की मला त्यांच्याबद्दल संकोच वाटायचा. शिक्षकाने वर्गासमोर असे बोलू नये, असे माझे मत होते.

त्यांच्या अंगावर कोड होते. दोन्ही हातांच्या पाठीवर मनगटापर्यंत, बोटांच्या टोकांवर, ओठांच्या कोपऱ्यांत आणि डाव्या कानशिलावर. तरुणपणी बावचीचे तेल लावून उन्हात बसून त्यांनी हातांना फोड आणून घेतले होते, कडू चूर्णे खाल्ली होती, कोणी सांगितले म्हणून दोन वर्षे दूध आणि मासे सोडले होते. मग एके दिवशी त्यांनी सगळेच सोडून दिले. "रंग गेलेला न्हाई," ते सांगायचे. "अर्ज न देता रजेवर गेलाय. आता आपण काय त्याला नोटीस धाडायची?"

दरवर्षी जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग आला की त्यांचा पहिला तास ठरलेला असायचा. खडू नाही, वही नाही. ते उजवा हात पुढे करायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय?" मुले आधी गप्प राहायची, मग एखादा धीट मुलगा म्हणायचा, ढग. दुसरी म्हणायची, गाय. कोणाला त्यात महाराष्ट्र दिसायचा. "जालना कुठं हाये मंग त्याच्यात? ये, बोट लावून दाखव." एकाने बोट लावले की रांग लागायची. अख्खा वर्ग त्यांच्या हाताला हात लावून जागेवर जायचा. त्यानंतर वर्षभर त्या हाताकडे कोणी टक लावून पाहत नसे. मी शेजारच्या वर्गात शिकवीत असे आणि त्या हशाने माझ्या तासाला व्यत्यय येतो, अशी तक्रार मी एकदा मुख्याध्यापकांकडे केलीही होती.

शिक्षकखोलीत त्यांचा स्वतःचा स्टीलचा गिलास होता. खिळ्याला टांगलेला. तो त्यांनी स्वतःच घरून आणला होता. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. ते बौद्ध कुटुंबातले. मी गावात पिढ्यान्‌पिढ्या जमीन असलेल्या घरातला. वेगळ्या गिलासाचा अर्थ आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही सोळा वर्षे मी तो गिलास पाहिला आणि त्याला साळवे सरांची टापटीप समजत राहिलो. आता वाटते, मला तसे समजणे सोयीचे होते.

त्यांची एक सवय मात्र मला पहिल्यापासून विचित्र वाटे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, ते खिडकीपाशी बसायचे, हातावर ट्रेसिंग पेपर ठेवायचे आणि डागाची कड पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. कानशिलासाठी ते शिपायाला कागद धरायला लावायचे आणि आरशात बघून रेषा काढायचे. कोपऱ्यात तारीख घालायचे. असे कागद त्यांच्या कपाटात गठ्ठ्याने होते. "उपचार सोडलाय ना तुम्ही? मग हे कशाला?" मी एकदा विचारले. ते पेन्सिलीला ब्लेडने टोक काढीत म्हणाले, "शेजाऱ्यानं बांध कोरला का न्हाई ते बघायला नको?"

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे यायला हवे. मी ती लांबवीत आहे, हे माझ्याही लक्षात आले आहे.

साळवे सरांना एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. ती प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम पूर्ण करून जालन्याला एका त्वचारोगाच्या दवाखान्यात रक्त तपासणीचे काम करीत होती. तिला अंबड तालुक्यातले एक स्थळ आले. पाहणे झाले, पसंती झाली. आमच्याकडे रीत अशी की पसंतीनंतरही मुलाकडचा एखादा जाणता माणूस मुलीच्या वडिलांच्या कामाच्या ठिकाणी येऊन चौकशी करून जातो. त्याप्रमाणे मुलाचे मामा शाळेत आले. साळवे सर त्या दिवशी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची मुले घेऊन जालन्याला गेले होते. शिक्षकखोलीत मी एकटा होतो.

मामा भले गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "साळवे सरांनी डागाचं सगळं आधीच सांगून टाकलंय आम्हाला. आमची बिलकुल तक्रार न्हाई. पोरगी गुणाची हाये. फकत आमची आई म्हणून राह्यली, येकदा जाणत्या माणसाला इचारून घ्या. तुम्ही इज्ञानाचे सर म्हणून तुम्हालाच इचारतो. हे पुढच्या पिढीत उतरतं का?"

प्रश्न सरळ होता. त्याचे खरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वर्गात मला न येणारा प्रश्न आला की मी म्हणत असे, "ते पुढच्या वर्गात आहे." आठवीच्या मुलांना नववीत, दहावीच्या मुलांना अकरावीत. अशा रीतीने मी पंचवीस वर्षे एकदाही अडलो नव्हतो. पण मामांना पाठवायला पुढचा वर्ग नव्हता. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आनुवंशिकता हा घटक असतो."

"म्हंजे उतरतं?"

"उतरू शकतं. विज्ञान तसंच सांगतं."

त्यांनी शिपायाने आणलेला चहा संपवला. टोपी घालून उठताना म्हणाले, "बरं झालं सर, तुमच्यासारखा माणूस भेटला."

मला खरोखर बरे वाटले. मी हे लपवणार नाही. त्या क्षणी माझ्या मनात साळवे सरांविषयी कोणताही आकस नव्हता. मला फक्त न अडता उत्तर देता आले होते.

आठ दिवसांनी स्थळाचा नकार आला. साळवे सर शिक्षकखोलीत आले, म्हणाले, "जमलं न्हाई," आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले. ते टोक काढत राहिले, काढत राहिले, आणि शेवटी त्यांच्या हातात बोटाच्या पेराएवढी पेन्सिल उरली. कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही, कारण मला विचारायची गरज नव्हती.

दीड महिन्याने त्यांनी मला बाजूला बोलावले. "सर, इलाज घ्यायचा म्हणून राह्यलो. प्रज्ञाच्या दवाखान्यात नवीन काही तरी करतात. आपलंच रक्त काढायचं, फिरवायचं, त्याच्यातलं पाणी डागात टोचायचं. पीआरपी म्हणतात. डॉक्टरीणबाई काय बोलती ते मला समजंल न समजंल. तुम्ही इज्ञानाचे, चला ना माझ्यासंगं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. वाटेत मी धीर करून विचारले, "इतक्या वर्षांनी का मनावर घेतलं?" वाऱ्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावे लागत होते, त्यामुळे पुढचे शब्द मला जन्मभर मोठ्यानेच ऐकू येत राहणार आहेत. ते म्हणाले, "पोरगी रोज सकाळी उठली की आरशापुढं उभी राहती सर. ट्यूबलाइट लावून. हात, मान, कोपर, सगळं फिरवून फिरवून बघती. कुठं उमटलं का म्हणून. आधी न्हवती बघत. त्या स्थळाच्या लोकायनी काही तरी सांगितलं तवापासून. मला कातडीचं काही न्हाई हो. पण उद्या उमटलंच तर इलाज हाये, हे तिनं माझ्या अंगावर बघावं. तिची भीती गेली पाहिजे."

मी गाडी चालवीत होतो. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, ही त्या वेळी मला मोठी सवलत वाटली.

दवाखाना मस्तगडाच्या बाजूला, एका कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टरीणबाई मोजके बोलणाऱ्या. त्यांनी हात पाहिले आणि विचारले, "डाग वाढताहेत की थांबलेत? वाढत असले तर मी करत नाही." साळवे सरांनी पिशवीतून ट्रेसिंग पेपरांचा गठ्ठा काढला. बाईंनी आधी नुसते पाहिले. मग त्यांनी ते कागद एकावर एक ठेवून एक्स-रे पाहायच्या दिव्यावर लावले. वर्षानुवर्षांच्या रेषा एकमेकींवर अशा चपखल बसल्या की एकच जाड रेष दिसावी. "आमच्या फोटोत उजेड बदलला की घोटाळा होतो," बाई म्हणाल्या. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बांधावरून भांडणं पाहिलेला माणूस हाये, बाई."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी स्वच्छ सांगितले. नुसत्या प्लाझ्माने फारसे साधत नाही; आठवड्यातून दोनदा प्रकाशाच्या मशीनसमोर उभे राहावे लागेल, त्याला ही जोड. कानशील कदाचित भरेल. हातांचे सांगता येत नाही. बोटांची टोके फार हट्टी असतात. "आणि काहीच झालं नाही, असंही होऊ शकतं."

साळवे सर म्हणाले, "चालतंय. माहीत न्हाई म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदा भेटला मला."

प्रज्ञाने त्यांचे रक्त काढले. सडपातळ, भरभर बोलणारी मुलगी. बापाच्या दंडाला पट्टा बांधताना म्हणाली, "बाबा, मूठ आवळा. ब्रश नाही धरलेला." नळ्या यंत्रात ठेवून तिने झाकण लावले. यंत्र घरघरू लागले, तशी मी माझी जागा घेतली. मी साळवे सरांना समजावून सांगू लागलो की या द्रवात रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्या टोचल्याने डाग भरतो. प्रज्ञा पाठमोरी होती. ती न वळता म्हणाली, "नाही काका. प्लाझ्मात रंगाचं काहीच नसतं. पेशी त्यांच्याच अंगात असतात, केसांच्या मुळाशी. हे फक्त त्यांना हलवून जागं करतं."

साळवे सर खूश झाले. "म्हंजे नवीन भरती न्हाई. जुन्यालाच बोलावणं धाडायचं."

यंत्र थांबल्यावर त्यांनी नळी मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी लाल, त्यावर पांढरट अस्पष्ट रेघ, आणि वर फिकट पिवळे पाणी. "गँबोज पिवळा," ते म्हणाले. "पाणी जरा जास्त झालंय." आपल्याच रक्तात हा रंग लपलेला असतो, याचे त्यांना इतके नवल वाटले की बाई हाक मारेपर्यंत ते तिथेच उभे होते.

टोचणे दुखणारे असते. बधिर करणारे मलम लावले तरी कातडीच्या वरच्याच थरात, थोड्या थोड्या अंतरावर, बारीक सुई पुन्हा पुन्हा शिरते. साळवे सरांनी डोळे मिटले आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या नोकरीतल्या पहिल्या वर्गाची. "अंकुश. हजर. आसाराम. हजर. भगवान. हजर." प्रत्येक सुईला एक मुलगा. कानशील असेच पार पडले, हाताची पाठही. पण सुई करंगळीच्या टोकाला पोहोचली तेव्हा ते ओरडले, "कडूबा गैरहजर! कडूबाला घरी सोडा बाई!" सुई हातात धरून डॉक्टरीणबाई हसू आवरीत थांबल्या. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून हसत होती. तिच्या खांद्यांवरून मला ते कळले. मी हसलो नाही. या मुलीला रोज सकाळी आरशापुढे मी उभे केले होते.

दर शनिवारी आम्ही जात राहिलो; टोचणे एका शनिवारआड असे. मधल्या दिवसांत प्रकाशाच्या मशीनसाठी ते एसटीने एकटे जायचे. मी त्यांना नेतो-आणतो, याचे शाळेत कौतुक होऊ लागले. ते मला सोसवत नसे आणि मी ते थांबवीतही नव्हतो. एकदा शिक्षकखोलीत कोणी नसताना मी खिळ्यावरचा त्यांचा गिलास घेतला आणि त्यातून पाणी प्यालो. ते दारात उभे होते, हे मला माहीत नव्हते.

"सर, माझा गिलास हाये तो."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

"मंग धुऊन ठेवा बराबर. तुमच्या सगळ्या गिलासांना सुपारीचा वास मारतो, म्हणून तर येगळा आणलाय."

हेच खरे कारण होते की त्यांनी मला त्या नाटकातून अलगद सोडवले, हे मला आजही माहीत नाही.

चौथ्या महिन्यात ते मधल्या सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत आले आणि भिंग मागितले. खिडकीत उभे राहून त्यांनी कानशील माझ्याकडे केले. "बघा. मला वाटतंय का खरंच हाये?" मी भिंगातून पाहिले. पांढऱ्या डागात, एकेका केसाच्या बुडाशी, खसखशीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके होते. मी मोजले.

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातले भिंग काढून घेतले, आरशात स्वतः पाहिले आणि एकेक ठिपका पुन्हा मोजला. मग शिक्षकखोलीत जाऊन त्यांनी जाहीर केले, "तीन कर्मचारी रुजू झाले!" त्या दिवशीचा ट्रेसिंग पेपर त्यांनी तपकिरी पेन्सिल वापरून काढला.

पुढच्या शनिवारी परतताना आम्ही राजूर रस्त्यावर एका रसवंतीपाशी थांबलो. त्यांनी पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "हा तुम्ही ठेवा सर. तुम्ही आणलं मला इथवर."

तो कागद मला घेता आला नाही. मी त्यांना सगळे सांगितले. मामा, टोपी, चहा, सगळे.

चरक्याच्या घुंगरांचा आवाज चालू होता. तो थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "नेमकं काय म्हणलं होतं तुम्ही? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितले.

"'विज्ञान तसंच सांगतं.'" त्यांनी वाक्य पुन्हा एकदा माझ्यासारखेच उच्चारले. "आणि तुम्हाला माहीत होतं का ते?"

"नाही."

"मंग माहीत न्हाई म्हणायचं होतं ना, सर. दोनच तर शब्द हायेत."

मी काही क्षमेचे बोलू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले. "मला न्हाई. तिला सांगा." त्यांनी कागदाची घडी न घालता तो वहीत ठेवला, वही पिशवीत घातली, आणि रस्त्यावर येऊन एका काळीपिवळीला हात केला. माझ्यासमोर रसाचे दोन ग्लास तसेच भरलेले होते.

सोमवारी ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले, फक्त कामापुरते. नंतरच्या शनिवारी ते एसटीने गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

प्रज्ञासमोर जायला मला सतरा दिवस लागले. दिवस मोजण्यात पुरुषार्थ नाही. पण मला सतरा दिवस लागले. मी दुपारी गेलो, तेव्हा ती नळ्यांवर नावे चिकटवीत होती. मी उभ्यानेच सांगितले. ती काम करीत ऐकत राहिली.

"कुणीतरी सरांनी सांगितलं एवढं कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मला गणिताचे सर वाटले होते. या दिवाळीला त्यांना मी नमस्कार नाही केला."

तिने पुढच्या नळीवर नाव चिकटवले.

"ते स्थळ गेल्याचं मला काही नाही काका. आजीच्या सांगण्यावरून मागं फिरणारा माणूस पुढं काय करणार होता? पण मी रोज सकाळी आरशात बघते. आता मला ती सवय झालीय. तुम्ही सॉरी म्हटल्यानं ती जात नाही."

"नाही जात," मी म्हणालो.

तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि माझ्याकडे वळली. "मग आता मी विचारते. तुम्ही विज्ञानाचे सर. हे पुढच्या पिढीत उतरतं का?"

तीन वर्षे त्या दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीला उत्तर माहीत होते, हे मला कळत होते. तिला माझे उत्तर ऐकायचे होते. मी घशाशी आलेली सगळी वाक्ये गिळली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारू."

"चला."

ती मला खरोखरच आत घेऊन गेली आणि मला विचारायला लावले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की काही घरांत एकापेक्षा जास्त माणसांना हे होते खरे, पण बापाला आहे म्हणून मुलीला होईलच असे मुळीच नाही. बहुतेकांच्या मुलांना ते कधीच होत नाही. या दोन वाक्यांत एक स्थळ टिकले असते. बाहेर आल्यावर प्रज्ञा म्हणाली, "आता बराबर बोललात, काका," आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले.

त्यानंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर साळवे सर माझ्या मोटारसायकलपाशी उभे होते. "चला. बस लई येळ लावती," ते म्हणाले. त्याहून अधिक काही नाही. सोमवारी हजेरीपट उघडला तेव्हा त्यात तीन ठिपक्यांचा तो कागद होता.

दीड वर्ष उपचार चालला. कानशील भरत गेले; ठिपके वाढले, एकमेकांना भिडले, आणि पुढे पुढे तिथे डाग होता हे सांगावे लागू लागले. हातांच्या पाठीवर बेटे उमटली, मनगटाकडून थोडा किनारा पुढे सरकला. ओठांचे कोपरे अर्धेमुर्धे भरले. बोटांच्या टोकांवर मात्र एकही ठिपका आला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिथे टोचणे थांबवले. साळवे सरांनी तेही हसून घेतले. "त्यायची जिल्हा बदली झाली. आता येत न्हाईत ते," ते म्हणाले, आणि कडूबाचे नाव हजेरीतून कायमचे कमी केले.

एके सकाळी ते शाळेत आले तेच थेट माझ्याकडे. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "सर, आज तिनं आरसा घेतला. टिकली लावली. आणि ठेवला."

मला लगेच कळले नाही. मी म्हणालो, "मग?"

"मंग काही न्हाई. टिकली लावली अन् ठेवून दिला. ट्यूबलाइट न्हाई लावली. मी दारातून बघून राह्यलो होतो."

आम्ही दोघेही घंटा झाली तरी उठलो नाही. माझ्या नोकरीत मी तासाला उशिरा गेल्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

पुढच्या डिसेंबरात ते निवृत्त झाले आणि प्रज्ञाजवळ जालन्याला राहायला गेले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, मी भाषणही केले. पण त्यांना आठवायचे म्हटले की मला तो समारंभ आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा जून, पाचवीच्या नव्या वर्गावरचा त्यांचा शेवटचा पहिला तास.

या वेळी मी माझा तास लवकर सोडला आणि त्यांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी हात पुढे केला होता. "काय दिसतंय?" मुले गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "सर, मुंग्या." दुसरा म्हणाला, "पांढऱ्या भाकरीवर मुंग्या." वर्गात हशा फुटला. "मंग झटका की मुंग्या," साळवे सर म्हणाले, आणि रांग लागली. चाळीस मुले हात लावून, मुंग्या झटकून, हसत जागेवर गेली. रांगेच्या शेवटी मीही गेलो. माझ्या हातात त्यांचा हात मी प्रथमच घेत होतो. तो कोरडा होता आणि आधीच्या तासाच्या खडूने माखलेला होता. त्यांनी तो चटकन सोडवून घेतला नाही.

मी परत दारापाशी पोहोचलो, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, बोटांवर अजून रंग न्हाई आला. तिथं कधी येईल?"

साळवे सरांनी बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ते इज्ञानाचे सर हायेत. त्यायना विचारा."

चाळीस चेहरे दाराकडे वळले. पुढच्या वर्गात आहे, असे सांगायला हवे तितके पुढचे वर्ग त्या मुलांना होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पहिल्या तासाला कधी न घेतलेला खडू उचलून साळवे सर फळ्याकडे वळले. त्यांच्या पांढऱ्या बोटांत पांढरा खडू होता, आणि पाठमोरेच, आवाज किंचितही न चढवता, ते मुलांना म्हणाले, "लिहून घ्या."

आणि चाळीस मुलांनी वह्या काढून, माना खाली घालून ते लिहून घेतले.